अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर

कामानिमित्त नाशिकला जाणाऱ्या मनमाडकरांपैकीं बहुतेकांनीं ‘गोल्फ क्लब मैदान’ हें नांव ऐकिलेलें असेल. रिक्षावाल्यास तेवढें नांव सांगितलें कीं तो बिनचूक तेथें नेऊन सोडतो. मैदानाचें आजचें नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असें आहे. सकाळ-संध्याकाळ तेथें माणसें फिरावयास येतात, मुलें क्रिकेट खेळतात, रणजी करंडकाचे सामनेही तेथें झाले आहेत. गोल्फ मात्र तेथें कोणी खेळत नाहीं. इंग्रजी अमदानींत साहेबलोक तो खेळ तेथें खेळत. ते गेले, त्यांच्यामागून खेळही गेला, आणि नांव तेवढें लोकांच्या जिभेवर राहिलें. ज्या अनंत कान्हेऱ्यांचें नांव मैदानास दिलें आहे, ते १९१० सालीं फांसावर गेले तेव्हां अवघे अठरा वर्षांचे होते. अठरा हा आंकडा या लेखांत पुढेंही येणार आहे. पण तो निराळ्या व फार साध्या कारणासाठीं, हें आधींच सांगितलेलें बरें.

मनमाडसारख्या रेल्वेच्या गांवांत वाढून लहानपणीं गोल्फ शिकलेला मनुष्य विरळा. मी त्यांतला एक आहें, व तो केवळ मामांच्या कृपेनें. वडील येथील पुलांच्या कारखान्यांत नोकरीस होते. मामा एका छावणीच्या गांवीं गोल्फच्या मैदानावर माळी होते. सुट्टी लागली कीं आई आम्हां भावंडांना घेऊन पॅसेंजरनें माहेरीं जाई, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे मी मामांच्या मागोमाग त्या मैदानावर हजर होई. गवत कापण्यापेक्षांही मला त्यांचें एक काम पाहावयास फार आवडे. ज्या खळग्यांत चेंडू घालावयाचा तो खळगा दर थोड्या दिवसांनीं हलवावा लागतो. एकाच जागेभोंवतीं पावलें पडत राहिलीं तर तेथील गवत मरतें. मामा नळीसारखें लोखंडी हत्यार जमिनींत दाबून मातीची गोल कांडी वर काढीत, तीच कांडी जुन्या खळग्यांत बसवीत व वर पाणी शिंपडीत. आठ-पंधरा दिवसांनीं जुनी जागा त्यांची त्यांनाही सांपडत नसे.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. गोट्यांची ‘गल’ सर्वांस ठाऊक आहे. तशाच सव्वाचार इंच रुंदीच्या अठरा गली विस्तीर्ण मैदानावर दूरदूर खणलेल्या असतात, आणि शेहेचाळीस ग्रॅमांच्या आंतला चेंडू काठीनें टोलवीत क्रमानें त्या प्रत्येकींत घालावयाचा असतो. काठ्या निरनिराळ्या, परंतु चौदांहून अधिक बाळगतां येत नाहींत. आपल्या विटीदांडूंत ज्याचें मोजमाप अधिक भरेल तो जिंकतो. येथें ज्याचे टोले कमी तो जिंकतो. साध्या सामन्यांत प्रत्येकाबरोबर पंच चालत नाहीं. आपले टोले आपण मोजावयाचे, चुकून चेंडू हलला तर आपणच सांगावयाचें, आणि अखेरीस कागदावर सही करावयाची. १९२५ सालीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स या नामांकित खेळाडूनें, दुसऱ्या कोणाच्याही दृष्टीस न पडलेली चेंडूची हालचाल स्वतः सांगून स्वतःवर एक टोला चढवून घेतला, आणि शेवटीं बरोबरी होऊन पुढच्या निर्णायक खेळांत तो हरला. आमच्या शिक्षकांनीं ही गोष्ट आम्हांस इतक्या वेळां सांगितली कीं आम्ही ती पाठ म्हणून दाखवीत असूं. पण ती अंगीं मुरली तीही त्यामुळेंच.

त्या मैदानाच्या चालकांनीं मुलांकरितां सुट्टीचा वर्ग काढिला होता. वय आठ पूर्ण, अठराच्या आंत. फी नांवापुरती, आणि नोकरवर्गाच्या घरच्या मुलांस तीही माफ. मोठ्यांच्या टाकून दिलेल्या काठ्या कापून आंखूड केल्या होत्या, व मुठीला नवी पट्टी गुंडाळून त्या आम्हांस वांटून दिल्या होत्या. माझ्या वांट्याला जी आली तिचें लोखंड एका बाजूनें झिजलेलें होतें, तरी मला ती राजदंडासारखी वाटे. चौथ्या सुट्टींत ती मला पुरेना. काठी आंखूड व खेळणारा उंच झाला कीं त्याला वांकावें लागतें, वांकला कीं कंबर नीट फिरत नाहीं, आणि चेंडू भलतीकडे जातो. शिक्षकांनीं दोन दिवस पाहिलें, हंसले, व हातभर लांब दुसरी काठी आणून दिली. “मुलानें काठी मागें टाकिली ही चांगली गोष्ट आहे,” असें ते म्हणाले. पहिली काठी माझ्यासमोरच त्यांनीं एका नव्या मुलाच्या हातीं दिली. मला क्षणभर वाईट वाटलें. पण हातांत दुसरी होती.

आतां मुख्य गोष्ट. ज्या वर्षीं मला अठरा पूर्ण झालीं त्या उन्हाळ्यांत मी नेहमींप्रमाणें वर्गाच्या पहिल्या दिवशीं गेलों. कारकुनानें वही उघडली, जन्मतारीख पाहिली, आणि माझ्या नांवावरून सावकाश एक रेघ ओढली. तो सभ्य गृहस्थ होता. त्यानें माझें अभिनंदनही केलें. त्याच सकाळीं माझ्याच वयाच्या आणखी दोघांच्या नांवांवर तशीच रेघ पडली. त्यांचे वडील त्या संस्थेचे सभासद होते. त्यांचीं नांवें एका वहींतून निघून दुसऱ्या वहींत गेलीं. माझें नांव एका वहींतून निघालें आणि कोठेंच गेलें नाहीं. मोठ्यांची प्रवेश-फी किती हें मीं मामांस विचारिलें. त्यांनीं आंकडा सांगितला नाहीं. “बाळ, आतां तू मोठा झालास,” एवढेंच ते म्हणाले, आणि पाण्याची नळी ओढूं लागले. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षें मीं काठी हातीं धरिली नाहीं.

या हकीकतींत कोणाचा अपराध शोधूं नये. वर्ग मुलांचा होता, मी मूल राहिलों नव्हतों. नियम आधींपासून लिहिलेला होता. वयाची मर्यादा असावीच असें माझें आजही मत आहे. सतरा-अठरा वर्षांचे दांडगे पोर आठ वर्षांच्या मुलांत मिसळले कीं लहानांच्या हातीं चेंडू लागत नाहीं, आणि शिक्षकांचें लक्ष, मनुष्यस्वभावच तो, चांगल्या खेळणाऱ्याकडेच जातें. शिवाय कांहीं मुलें आपण होऊन बाहेर पडतात. माझा एक सोबती चौदाव्या वर्षीं तबल्याच्या नादीं लागला आणि गोल्फ विसरून गेला. तो सुखी आहे, व उत्तम वाजवितो. अशांना धरून ठेवण्यांत अर्थ नाहीं. माझें म्हणणें फक्त त्या मुलांविषयीं आहे, ज्यांना खेळावयाचें असतें, ज्यांना आपणच ती गोडी लाविलेली असते, आणि ज्यांच्यापुढें एका वाढदिवसाच्या दिवशीं दार लागतें.

गोल्फच्या बाबतींत हें अधिकच विपरीत दिसतें, कारण म्हातारपणापर्यंत खेळतां येतील अशा मोजक्या खेळांत त्याची गणना आहे. २००९ सालीं टर्नबेरी येथें झालेल्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेंत टॉम वॉटसन हा एकोणसाठ वर्षांचा खेळाडू शेवटच्या गलीपर्यंत आघाडीवर होता. बरोबरी झाल्यानंतरच्या जादा खेळांत स्टुअर्ट सिंकनें त्यास हरविलें. साठीला टेकलेला मनुष्य जेथें तरुणांस घाम फोडतो, त्या खेळांत आमच्यासारख्यांची कारकीर्द अठराव्या वर्षीं संपावी हें कोणत्या न्यायानें?

आपल्या देशांतले कोण पुढें गेले हें पाहिलें तर दोन वाटा स्पष्ट दिसतात. अनिर्बन लाहिरी यांचा जन्म १९८७ सालचा, पुण्याचा. वडील लष्करांत डॉक्टर, व मुलाचे पहिले गुरूही तेच. लष्कराच्या वसाहतींतून मैदानें असतात, आणि अशा घरच्या मुलास वहींतून वहींत जाण्याची अडचण पडत नाहीं. त्यांनीं २०१५ सालीं भारताची खुली स्पर्धा जिंकिली, व पुढें दोन ऑलिंपिकांत देशाचें प्रतिनिधित्व केलें. यांत त्यांची मेहनत कोठेंही कमी होत नाहीं. दुसरी वाट शिवशंकरप्रसाद चौरसिया यांची. वडील कलकत्त्याच्या रॉयल क्लबांत गवताची निगा राखीत. हा क्लब १८२९ सालचा, ब्रिटनच्या बाहेरचा सर्वांत जुना. मुलगा तेथेंच वाढला, दुसऱ्यांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहतां वाहतां खेळ शिकला, आणि विशीच्या आंतच धंदेवाईक खेळाडू झाला. २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें भारताची खुली स्पर्धा त्यांच्या नांवावर आहे. त्यांच्या आधीं, १९९१ सालीं, ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू अली शेर हाही दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच. चौरसियांची हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला माझ्या मामांची आठवण होऊन कंठ दाटून आला, हें कबूल केलें पाहिजे. पण अशा एका चौरसियामागें किती माळ्यांचीं व कॅडींचीं मुलें मैदानाबाहेर राहिलीं, याची गणना कोणत्या वहींत असणार?

परदेशींही हें दार असेंच लागत असे. अमेरिकेंत बोस्टनजवळ ब्रुकलाइन येथें फ्रान्सिस विमेट नांवाचा माळ्याचा मुलगा होता. त्याचें घर मैदानाच्या सतराव्या गलीसमोर, रस्त्याच्या पलीकडे. लहानपणीं त्यानें तेथें पिशव्या वाहिल्या. परंतु सोळाव्या वर्षानंतर जो पैसे घेऊन हें काम करील तो धंदेवाईक समजला जाई व हौशी खेळाडूंच्या स्पर्धांस मुकत असे. म्हणून सोळावें संपतांच त्यास तें काम सोडावें लागलें. १९१३ सालीं, विसाव्या वर्षीं, त्याच मैदानावर त्यानें इंग्लंडचे हॅरी व्हार्डन व टेड रे या दोन दिग्गजांस गांठलें आणि दुसऱ्या दिवशींच्या निर्णायक खेळांत त्यांचे ७७ व ७८ टोले झाले असतां आपण ७२ टोल्यांत खेळ संपविला. त्या दिवशीं त्याची पिशवी वाहणारा मुलगा दहा वर्षांचा होता. जगास ही गोष्ट विजयाची म्हणून ठाऊक आहे; मला तिच्यांतलें १९४९ साल अधिक मोलाचें वाटतें. त्या सालीं विमेटच्या मित्रांनीं त्याच्या नांवानें निधि काढिला, तो मैदानावर राबणाऱ्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठीं. ज्या वयांत मैदानाचें दार लागतें, नेमकें त्या वयांत दुसरें दार उघडावें, हा विचार त्यांस सुचला.

आणि बालवीरांची चळवळ तर आपल्या शाळेंतील सर्वांच्या परिचयाची आहे. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर पहिलें शिबिर भरविलें तेव्हां त्यांच्यापुढें मधल्या वयाचीं मुलें होतीं. मग धाकटे भाऊ रडूं लागले, म्हणून १९१६ सालीं त्यांच्यासाठीं ‘कब’ निघाले. पण बालवीर मोठे होऊन बाहेर पडूं लागले तेव्हां त्यांचें काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर १९१८ सालीं ‘रोव्हर’ या शाखेनें दिलें. आपल्या देशांतही ही तरुणांची शाखा पंचविशीपर्यंत चालते. म्हणजे पहिली शाखा निघाल्यावर अकरा वर्षांच्या आंत त्या मनुष्यास कळून चुकलें कीं मुलांस आंत घेण्याइतकेंच त्यांस बाहेर कोठें सोडावयाचें हें ठरविणें महत्त्वाचें आहे. आमच्यांतले पुष्कळ चालक पंचवीस पंचवीस वर्षें वर्ग चालवितात, आणि तरीही हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाहीं.

मी ‘पुष्कळ चालक’ असें म्हटलें, त्यांत माझीही गणना करितों. गेलीं नऊ वर्षें मी व माझे तीन स्नेही येथें दर रविवारीं सकाळीं मुलांचा धांवण्याचा व खेळांचा वर्ग घेतों. गोल्फचा नाहीं, ज्या गांवानें वर्षानुवर्षें नळाच्या पाण्यासाठीं दिवस मोजले, तेथें हिरवळीस पाणी मागण्याचें धाडस मला होणार नाहीं. उघडें माळरान, फक्कीच्या रेघा, आणि दूरवर हडबीची शेंडी, एवढेंच आमचें वैभव. वर्ग सुरू केला त्या दिवशीं नियम लिहिण्याचें काम मजकडे आलें. मीं लिहिलें: वय आठ पूर्ण, अठराच्या आंत. कोठून आलें हें, याचा मीं त्या वेळीं विचारही केला नाहीं. जो नियम माझ्या अंगावर आला होता तोच मीं माझ्या हातानें, सुवाच्य अक्षरांत, नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरून काढिला.

गेल्या जून महिन्यांत आमच्या एका मुलास अठरा पूर्ण झालीं. सात वर्षें तो एकही रविवार चुकला नव्हता. वडील स्टेशनवर हमाली करितात. मुलगा वयाच्या मानानें उंच, बोलणें थोडें, आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत असा कीं आम्हां चौघांसही त्याच्या मागें धांवतां येऊं नये. मीं त्याच्या नांवावर रेघ ओढली, पाठीवर थाप मारिली, आणि म्हणालों, “आतां तू मोठा झालास.” तें वाक्य तोंडांतून निघालें तेव्हां मला मामांच्या हातांतली पाण्याची नळी दिसली, पण त्याच क्षणीं नवीं मुलें नांव घालावयास पुढें आलीं व तो विचार राहून गेला. पुढच्या रविवारीं तो मुलगा आला. आंत आला नाहीं. बाभळीखालीं उभा राहून पाहत होता. त्याच्या पुढच्या रविवारींही आला. तिसऱ्या रविवारीं बाभळीखालीं कोणी नव्हतें.

त्यानंतर आम्ही चौघे बसलों. एका स्नेह्यानें सुचविलें कीं मोठ्या मुलांस मदतनीस म्हणून ठेवावें: रेघा आंखतील, चेंडू गोळा करतील, लहानांना सांभाळतील. सूचना चांगली होती, पण मला ती पुरी पटली नाहीं. गोल्फच्या मैदानांवर ‘आगेवाला’ नांवाचा मुलगा असे. साहेबाच्या पुढें जाऊन चेंडू कोठें पडतो तें पाहावयाचें, हेंच त्याचें काम. खेळ त्याला सगळा कळे, काठी मात्र हातीं लागत नसे. मोठा झालेल्या मुलास आपण वर्गांत ठेविलें आणि त्याचा आगेवाला करून टाकिला, तर आपण त्याला दार उघडून दिलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यानें लहानांस अवश्य शिकवावें. शिकवितांना स्वतःचें शिकणें पक्कें होतें. पण त्याचा स्वतःचा खेळ, स्वतःचा तास, आणि पुढें कोठल्या स्पर्धेस जावयाचें, कोणा गुरूकडे जावयाचें, भरतीच्या परीक्षेस बसावयाचें तर त्यासाठीं काय करावयाचें, ही चौकशी करणारा कोणी तरी वडीलधारा त्याला हवा. आम्हीं दुसरी वही घातली आहे. अठरा ते पंचवीस. त्यांचा तास पहिल्या वर्गाच्या आधीं, उजाडतां उजाडतां. पोट भरण्यासाठीं ज्यांना आठ वाजतां कामावर जावें लागतें त्यांनाही तो साधावा म्हणून.

पालकांस माझी एक विनंती आहे. मुलाला कोणत्याही वर्गांत घालतांना आपण विचारितों, फी किती, शिक्षक कोण, मागच्या वर्षीं ढाली किती मिळाल्या. चौदा वर्षांच्या मुलाची ढाल दिवाणखान्यांत शोभते हें खरें. माझ्याही घरीं अशी एक आहे, व तिच्यावर धूळ आहे. त्याऐवजीं एकदां असें विचारून पाहावें कीं याचें वय संपल्यावर याचें नांव कोणत्या वहींत जाणार? मागच्या पांच-सात वर्षांत जीं मुलें बाहेर पडलीं तीं आज कोठें आहेत? चालकास उत्तर देतां आलें नाहीं तर रागावूं नये. मलाही नऊ वर्षें देतां आलें नसतें. पण पुढच्या वर्षीं पुन्हा विचारावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, ज्या दिवशीं तुमच्या नांवावर रेघ पडेल त्या दिवशीं मुकाट्यानें बाभळीखालीं उभे राहूं नका. आंत या आणि विचारा. चालक मंडळी दुष्ट नसतात, बहुधा विसरभोळीं असतात.

मामा आतां थकले आहेत. मागच्या दिवाळींत मी त्यांना भेटावयास गेलों तेव्हां त्यांनीं माळ्यावरून एक पुरचुंडी काढून दिली. आंत तीच कापलेली काठी, एका बाजूनें झिजलेली. वर्गांत ती कोणाच्याच उपयोगाची राहिली नाहीं तेव्हां त्यांनीं मागून घेतली होती. आमच्या वर्गांतली एक नऊ वर्षांची मुलगी हल्लीं तिनें रबरी चेंडू टोलविते आणि आपले टोले मोठ्यानें मोजते.

दुसऱ्या वहींत सध्यां सहा नांवें आहेत. पहिलें नांव त्या लांब पल्ल्याच्या मुलाचें आहे. तें मीं त्याला न विचारतां लिहिलें आहे, कारण तो अजून आलेला नाहीं. तो स्टेशनजवळ एका दुकानांत कामास लागला असें कळतें. त्याच्या वडिलांपाशीं दोन वेळां निरोप दिला आहे, आणि या रविवारीं मी स्वतः जाणार आहें.